डोळा हलणारच: ओसीटीतली हालचाल दुरुस्त करायच्या चार वाटा

ओसीटी म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचे (रेटिनाचे) थर प्रकाशाने टिपणारी तपासणी. तिच्या मशीनच्या डेमोत विक्रेता दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवतो. डावीकडे करेक्शन बंद, उजवीकडे करेक्शन चालू. डावीकडे रक्तवाहिन्या मध्येच तुटलेल्या, आडव्या पांढऱ्या रेघा गेलेल्या. उजवीकडे सगळं स्वच्छ. बघणाऱ्याला वाटतं, आता विचारण्यासारखं काय उरलं? पण उजवीकडचं चित्र स्वच्छ कसं झालं हे विचारून बघा, प्रत्येक कंपनीकडून निराळं उत्तर येईल. कुणी डोळ्याच्या मागोमाग किरण सरकवतं. कुणी तोच भाग एकदा आडवा, एकदा उभा स्कॅन करून नंतर दोन्ही जुळवतं. कुणी स्कॅन इतक्या वेगात उरकतं की डोळ्याला हलायला सवडच कमी मिळते. आणि कुणी स्कॅन झाल्यावर सॉफ्टवेअरने डागडुजी करतं. माहितीपत्रकात या चौघांचं नाव एकच असतं, 'मोशन करेक्शन'.

नवं मशीन घ्यायच्या विचारात असलेले रेटिनाचे डॉक्टर आणि आहे त्याच मशीनवर कोणता प्रोटोकॉल लावावा असा प्रश्न पडलेले ऑप्टोमेट्रिस्ट आणि टेक्निशियन, यांच्यासाठी ही तुलना आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणती पद्धत चांगली हे विचारण्याआधी त्या चित्राचं पुढे काय करणार हे ठरवा. नुसतं बघून निदान करायचं आहे, त्यावरून आकडा काढायचा आहे, की दोन महिन्यांनी त्याच जागेवर परत येऊन ताडून बघायचं आहे? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात.

बिघडतं कुठे

ओसीटी म्हणजे फोटो नव्हे, एका क्षणात सगळं टिपून घेतलं असं होत नाही. किरण एकेका बिंदूवर जातो, तिथली खोलीची माहिती घेतो आणि पुढे सरकतो. या एका बिंदूच्या खोलीला ए-स्कॅन म्हणतात. ए-स्कॅनची एक ओळ म्हणजे बी-स्कॅन आणि ओळींमागून ओळी लागल्या की पडद्याचा एक चौकोनी ठोकळा तयार होतो. झेरॉक्स निघत असताना कागद सरकला की अक्षरं जशी वाकडी होतात, तसं इथे रक्तवाहिन्यांचं होतं.

डोळा सरकतो किती? पेशंटने हिरव्या फुलीकडे अगदी मन लावून बघितलं तरी सेकंदाला एखाद-दोन सूक्ष्म झटके येतात. त्यांना मायक्रोसॅकेड म्हणतात. एक झटका साधारण पंचवीस मिलिसेकंदांत संपतो आणि नजर अर्ध्या अंशापर्यंत, कधी त्याहून थोडी जास्त हलवून जातो. पडद्यावर एक अंश म्हणजे जवळजवळ ३०० मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा अंश झाला १५० मायक्रोमीटर. ऑप्टोव्ह्यू कंपनीच्या अँजिओव्ह्यूच्या ३ बाय ३ मिलिमीटरच्या अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या) स्कॅनमध्ये ३०४ ओळी असतात, दोन ओळींत अंतर दहा मायक्रोमीटर. एका झटक्यात चित्र पंधरा ओळींनी बाजूला गेलं.

दोन झटक्यांच्या मधल्या वेळातही डोळा स्थिर नसतो, सावकाश वाहत राहतो. हा ड्रिफ्ट. तो चित्रात रेघ सोडत नाही, म्हणून लक्षात येत नाही, पण वाहिनी वाकवतो आणि चित्र एका दिशेने ताणतो किंवा आवळतो. डोळ्याचा बारीक थरकापही असतो, पण नेहमीच्या ओसीटीच्या बारकाईत तो सोडून द्यावा इतका लहान आहे. पापणी मिटली तर तेवढ्या ओळी काळ्या पडतात. आणि एक हालचाल समोरून दिसतच नाही. हृदयाच्या ठोक्याने, श्वासाने, हनुवटी जराशी मागे आल्याने पडदा पुढेमागे होतो. तिच्याकडे पुढे येऊ, कारण बहुतेक डेमोंत तिचा विषयच निघत नाही.

पांढऱ्या रेघेचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. ओसीटी अँजिओग्राफीत डाय टोचत नाहीत. एकाच जागेवर दोन किंवा अधिक वेळा ओळ घेतात आणि दोन ओळींत जे बदललं ते रक्त वाहतंय असं मानतात. सेकंदाला ७०,००० ए-स्कॅनच्या मशीनवर ३०४ बिंदूंची ओळ चार-साडेचार मिलिसेकंदांत होते. एवढ्या वेळात ड्रिफ्टने डोळा एक मायक्रोमीटरच्या आसपास सरकतो, ते खपून जातं. पण नेमका त्याच वेळी झटका आला तर ओळीतला प्रत्येक बिंदू बदललेला दिसतो आणि मशीनला वाटतं की अख्ख्या ओळीतून रक्त वाहतंय. म्हणून रेघ पांढरी.

पहिली वाट: डोळ्याच्या मागावर राहणं

हायडेलबर्ग कंपनीच्या स्पेक्ट्रॅलिस मशीनने ही पद्धत दवाखान्यांत रुळवली. एक किरण पडद्याचं समोरून चित्र घेत राहतो, दुसरा ओसीटी काढतो. समोरच्या चित्रातल्या वाहिन्या सरकल्या की मशीन ओसीटीचा किरण तेवढाच सरकवतं. त्यांचं ट्रूट्रॅक, झाइसचं फास्टट्रॅक, टॉपकॉनचं स्मार्टट्रॅक ही या कुळातली नावं. तपशील निराळे, मूळ विचार एकच.

विक्रेत्यांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र धूसर राहते. ट्रॅकर झटक्याला पकडत नाही. झाइसचं अँजिओप्लेक्स सेकंदाला १५ वेळा समोरचं चित्र बघतं, म्हणजे दोन नजरांमध्ये ६६ मिलिसेकंद जातात. झटका पंचवीसमध्ये आटोपलेला असतो. ट्रॅकर करतो ते असं: आत्ता डोळा हलून गेला हे त्याला कळतं, तेवढ्यात घेतलेल्या ओळी तो टाकून देतो, नवी जागा शोधतो आणि त्याच ओळी परत घेतो. ट्रॅकिंगचं खरं बळ या परत घेण्यात आहे.

त्याची किंमत वेळात मोजावी लागते. शांत पेशंटचा स्कॅन दोन-चार सेकंद लांबतो. मॅक्युला (पडद्याचा नजरेच्या केंद्राचा भाग) खराब असलेल्या, ठरलेल्या जागी बघू न शकणाऱ्या माणसाचा स्कॅन लांबतच जातो. डोळा उघडा राहतो, अश्रूंचा थर सुकतो, चित्र अंधुक होतं, अंधुक चित्रात ट्रॅकरला वाहिन्या सापडत नाहीत आणि मग तो परत परत थांबतो. "आजी, पापणी मिटा, आता उघडा, आता हलू नका" हे तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत आजी थकलेल्या असतात. दाट मोतीबिंदू, बारीक बाहुली, कोरडा डोळा, या तिन्हींत ट्रॅकर लवकर हात टेकतो. आणि ओसीटीसाठी रांगेत बसलेले लोक बरेचदा हेच असतात.

तरीही एका कामात ट्रॅकिंगला जोड नाही: परत त्याच जागी येणं. स्पेक्ट्रॅलिस मागच्या भेटीचं समोरचं चित्र संदर्भ म्हणून घेतं आणि नव्या भेटीत ओळ त्याच ठिकाणी ठेवतं. डोळ्यात इंजेक्शनं चालू असलेल्या पेशंटमध्ये पुढचं इंजेक्शन आता द्यायचं की थांबायचं हे बऱ्याचदा जाडीतल्या फरकावर ठरतं. स्पेक्ट्रॅलिसचा नेहमीचा जलद मॅक्युला नकाशा २५ ओळींचा असतो, दोन ओळींत अंतर सुमारे २४० मायक्रोमीटर. इतक्या विरळ ओळी जराशा सरकल्या तर सुजेचा फुगवटा कधी ओळीवर येईल, कधी दोन ओळींच्या मध्ये लपेल. आज सूज 'कमी' झाली ती औषधाने की ओळ सरकल्याने, हे कळायला दुसरा मार्ग नाही. तिथे ट्रॅकिंग हवंच.

दुसरा फायदा सरासरीचा. एकच ओळ अनेकदा घेऊन सरासरी काढली की दाणेदारपणा कमी होतो आणि ट्रॅकर नसेल तर त्या ओळी एकमेकींवर बसणारच नाहीत. पण इथे हाव नको. दाणेदारपणा घेतलेल्या चित्रांच्या वर्गमुळाच्या हिशोबाने घटतो. नऊ चित्रांत तिसरा हिस्सा उरतो, सोळांत चौथा. शंभरांपर्यंत गेलात तर सोळांच्या सहापटींहून जास्त वेळ देऊन मिळकत जेमतेम अडीचपट. व्याख्यानाच्या स्लाइडसाठी ठीक आहे.

दुसरी वाट: आडवं आणि उभं

२०१२ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मार्टिन क्राउस, योआखिम होर्नएगर आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या जेम्स फुजिमोतो यांच्या गटाने एक देखणी कल्पना मांडली. एक ठोकळा आडव्या ओळींनी घ्या, दुसरा उभ्या ओळींनी. आडव्यात प्रत्येक ओळ काही मिलिसेकंदांत झाल्यामुळे ती ओळ स्वतः सरळ असते, चूक असते ती ओळीओळींमध्ये. उभ्यात नेमकं उलट. मग प्रत्येक ए-स्कॅन किती सरकवला म्हणजे दोन्ही ठोकळे एकमेकांशी जुळतील याचं गणित करायचं. वर एक अट: डोळ्याची वाट काळात सलग असावी, या मिलिसेकंदाला इथे आणि पुढच्याला भलतीकडे असं नको. ट्रॅकर नको, जादा कॅमेरा नको. मशीनकडून फक्त दोन स्कॅन आणि संगणकाकडून थोडी मेहनत.

ऑप्टोव्ह्यूने अँजिओव्ह्यूमध्ये हीच पद्धत घेतली आणि पुढे तिच्या जोडीला प्रत्यक्ष ट्रॅकिंग आणून त्या जोडगोळीला ड्युअलट्रॅक नाव दिलं.

मला ही पद्धत आवडते ती खोलीच्या दिशेमुळे. वर म्हटलेली पुढेमागे होणारी हालचाल ट्रॅकरला दिसत नाही, कारण तो पडदा समोरून बघतो. मग ट्रॅकरवाली मशीनं खोलीचं काय करतात? शेजारच्या ओळी एकमेकींशी जुळवून वरखाली सरकवतात. चित्र गुळगुळीत होतं, पण या जुळवाजुळवीत पडद्याचा खरा बाकही सपाट होऊन जातो, कारण हालचाल कोणती आणि बाक कोणता हे एका ठोकळ्यातून सांगता येत नाही. उभा ठोकळा हाताशी असेल तर सांगता येतं. आडव्या ठोकळ्यात ज्या दिशेचा बाक बिघडला त्या दिशेची ओळ उभ्यात चार-पाच मिलिसेकंदांत घेतलेली असते. मोठ्या मायनस नंबरचे डोळे, मागे फुगवटा आलेला पडदा, रंगद्रव्य थराखाली साचलेल्या पाण्याचा उंचवटा, अशा ठिकाणी आकारालाच अर्थ असतो. तिथे मी आडव्या-उभ्या जोडीवर जास्त भरवसा ठेवेन.

पण तिचे चटके ओळखायला शिकावं लागतं. २०१५ साली रिचर्ड स्पेड, फुजिमोतो आणि नादिया वाहीद यांनी ओसीटी अँजिओग्राफीतल्या फसव्या खुणांचा आढावा घेतला. त्यात हालचालीने होणारे दोष होतेच, शिवाय दुरुस्तीने जन्माला घातलेले दोषही होते. वाहिनी दोनदा दिसते. चित्राची कड रबरासारखी ताणली जाते. गोधडीच्या ठिगळांसारखी चौकडी उमटते. पेशंट दोन्ही स्कॅनमध्ये खूप हलला आणि एखादा तुकडा कुठल्याच स्कॅनमध्ये धड आला नाही की असं होतं. गणिताला उत्तर द्यायचंच असतं, म्हणून ते देतं.

पांढरी रेघ म्हणते, इथे काहीतरी बिनसलं आहे. ताणलेली कड काहीच म्हणत नाही. मधुमेहाच्या पेशंटमध्ये मॅक्युलाच्या मधल्या वाहिनीविरहित जागेचं क्षेत्रफळ मोजायचं असेल आणि ताण नेमका तिथे आला असेल, तर आकडा बदलेल आणि चित्र मात्र छान दिसत राहील. मोजमापासाठी वापरायच्या स्कॅनमध्ये मला दुरुस्त केलेल्या गुळगुळीत चित्रापेक्षा दोन उघड रेघा असलेलं चित्र परवडतं. रेघ बघून तो भाग सोडता तरी येतो.

दुसरी अडचण साधी आहे. दोन स्कॅन लागतात आणि दुसऱ्याच्या वेळी पेशंट पहिल्यापेक्षा जास्त थकलेला असतो.

तिसरी वाट: वेग

झाइसच्या जुन्या स्ट्रॅटस मशीनची आठवण असलेले वाचक असतील. सेकंदाला ४०० ए-स्कॅन. त्याचा जलद मॅक्युला नकाशा म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारख्या सहा ओळी, प्रत्येकीत १२८ बिंदू. एकूण ७६८ बिंदूंना १.९२ सेकंद. आऱ्यांमधली सगळी जागा अंदाजाने भरलेली. आज ७०,००० च्या मशीनवर ३०४ बाय ३०४ चा स्कॅन प्रत्येक ओळ दोनदा घेऊनही, म्हणजे १,८४,८३२ ए-स्कॅन, किरण मागे आणायचा वेळ धरून तीन सेकंदांच्या आत होतो. टॉपकॉनचं ट्रायटन सेकंदाला एक लाख ए-स्कॅन घेतं, झाइसचं सिरस ६००० ही तितकेच, ऑप्टोव्ह्यूचं सोलिक्स १,२०,००० आणि झाइसच्याच प्लेक्स एलिटची पुढची आवृत्ती दोन लाख.

कागदावर हा सगळ्यात सरळ उपाय आहे. दोन झटक्यांच्या मधल्या वेळातच स्कॅन संपला तर दुरुस्त करायला काय उरतं? शिवाय वेग खोलीच्या हालचालीवरही चालतो, ट्रॅकरला न दिसणाऱ्या. लहान मुलं, मान न धरणारे पेशंट, हातात धरून वापरायची ओसीटी, इथे वेगाइतका कामाचा दुसरा गुण नाही.

व्यवहारात मात्र वेग हातून निसटतो. दुप्पट वेगाचं मशीन आलं की त्याच स्कॅनला अर्धा वेळ लागावा. होतं असं की माहितीपत्रकात १२ बाय १२ मिलिमीटरचा स्कॅन येतो. ५०० बाय ५००, प्रत्येक ओळ दोनदा, पाच लाख ए-स्कॅन. एक लाखाच्या मशीनवर पुन्हा पाच सेकंद. वाचलेला वेळ रुंदीने खाल्ला. रुंद चित्राचा उपयोग आहेच, मधुमेहात कडेला रक्तपुरवठा कुठे थांबला ते त्यातच दिसतं. पण वेगासाठी मशीन घेत असाल तर लहान स्कॅन लहानच ठेवायची शिस्तही सोबत आणा.

आणि वेग फुकट येत नाही. प्रत्येक बिंदूवर प्रकाश कमी वेळ थांबतो, म्हणून संकेत क्षीण होतो. डोळ्यात किती प्रकाश सोडायचा याला सुरक्षिततेची मर्यादा असल्यामुळे तो मनाला येईल तसा वाढवता येत नाही. मोतीबिंदूतून बघताना हे जाणवतं. तिथे १०५० नॅनोमीटरच्या आसपासच्या लांब लहरीवर चालणारी स्वेप्ट-सोर्स (प्रकाशाची लहर भराभर बदलत नेणारी) मशीनं काहीशी तग धरतात, पण किमतीची उडीही तिथेच आहे.

चौथी वाट: नंतरची डागडुजी

मशीन जुनं आहे, नवं घ्यायची ऐपत किंवा गरज नाही आणि चित्रं तर बिघडतात, ही अवस्था आपल्याकडे अनेकांची. फिजी हे फुकट सॉफ्टवेअर आणि त्यातलं स्विस संशोधक फिलिप तेवेनाझ यांचं स्टॅकरेग, एवढ्यावर बरंच काम होतं. एकाच डोळ्याचे चार-पाच अँजिओग्राफी स्कॅन घ्या, समोरची चित्रं एकमेकांवर बसवा, सरासरी काढा. एका चित्रातली रेघ दुसऱ्यात त्याच जागी नसते, म्हणून ती फिकी पडते. तुटक दिसणाऱ्या केशवाहिन्या सलग होतात. बघण्यासाठी हे उत्तम आहे.

मोजण्यासाठी दोन सावधगिऱ्या. सरासरीने दाणे गेले की वाहिन्यांची घनता सांगणारा आकडा बदलतो, कारण आधी काही दाणेही वाहिनी म्हणून मोजले जात होते. एकेरी चित्राचा आकडा आणि सरासरी चित्राचा आकडा एकाच रांगेत लिहू नका. दुसरं, स्टॅकरेग अख्खं चित्र सरकवतं, फिरवतं, फार तर तिरपं करतं. चित्राच्या मधोमध आलेला झटका, म्हणजे वरचा अर्धा एकीकडे आणि खालचा अर्धा दुसरीकडे, त्याला सुधारता येत नाही. त्यासाठी चित्राच्या पट्ट्या कापून एकेक पट्टी जुळवावी लागते. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सवाले, जे पडद्यावरच्या एकेका शंकूपेशीचं चित्र घेतात, ते वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. त्यांचीही एक जुनी डोकेदुखी आहे: ज्या चित्राला संदर्भ मानून बाकीची जुळवायची, ते स्वतःही हालचालीतच घेतलेलं असतं.

शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कने रेघा पुसायची सोयही आता मिळते. तिच्याबद्दल माझं मत कडक आहे. रेघेच्या जागी जी वाहिनी दिसते ती त्या पेशंटच्या डोळ्यातून आलेली नसते. इतर हजारो चित्रांमध्ये अशा ठिकाणी साधारण काय असतं, त्याचा तो अंदाज असतो. निरोगी डोळ्यात अंदाज बरोबर निघेल. पण आपल्याकडे येतो तो आजारी डोळा, आणि त्यात शोधायचं असतं ते नेमकं वाहिनी कुठे बंद झाली आहे हे. पेशंटला समजावायला असं चित्र दाखवा. रिपोर्टमध्ये आणि मोजणीत मूळचंच ठेवा.

कुणाच्या हाती काय द्यावं

इंजेक्शनांचा पाठपुरावा हे मुख्य काम असेल तर ट्रॅकिंग आणि त्याच जागी परत येण्याची सोय. इथे मला शंका नाही. थकलेल्या पेशंटसाठी ओळी कमी करा, ट्रॅकिंग बंद करू नका.

मधुमेही पडद्याची अँजिओग्राफी जास्त होत असेल तर ट्रॅकिंग आणि आडवं-उभं दोन्ही असलेलं मशीन एकट्या कशाहीपेक्षा सरस. ट्रॅकर मोठ्या झटक्यांच्या ओळी परत घेतो आणि उरलेला ड्रिफ्ट व खोलीची हालचाल गणित सांभाळतं. वेळ सर्वांत जास्त लागतो, म्हणून हे ३ किंवा ६ मिलिमीटरपुरतं ठेवा.

काचबिंदूत नजर प्रत्येक वेळी त्याच जागी यावी लागते, पण स्कॅन लहान असतो. सिरसमध्ये डोळ्याच्या नसेच्या चकतीभोवतीच्या २०० बाय २०० ठोकळ्यातून ३.४६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ नंतर काढतात, त्यामुळे केंद्र थोडं हुकलं तरी सॉफ्टवेअर सावरून घेतं. ठोकळ्याच्या आत झटका आला तर मात्र वर्तुळाचा एक भाग सरकलेल्या पडद्यावर पडतो. मग एका बाजूला चेतातंतूंचा थर पातळ आणि दुसरीकडे जाड दिसतो. सिग्नल स्ट्रेंथ दहापैकी आठ-नऊ असली तरी असं होऊ शकतं, कारण तो आकडा उजेडाचा आहे, स्थिरतेचा नव्हे. प्रिंटवरच्या समोरच्या चित्रात वाहिनी तुटली आहे का, हे बघायला दोन सेकंद लागतात.

नजर सतत हलणारे, म्हणजे निस्टॅग्मसचे पेशंट, ट्रॅकरला बहुधा झेपत नाहीत. तो नुसता परत परत घेत बसतो. अशा वेळी ठोकळ्याचा हट्ट सोडावा. मान किंवा नजर ज्या कोनात ठेवली की डोळा कमी हलतो तो कोन पेशंटला बहुतेकदा स्वतःच माहीत असतो. त्या कोनात मॅक्युलातून जाणाऱ्या सुट्या ओळी भराभर घ्याव्यात आणि त्यातल्या चांगल्या निवडाव्यात. त्यात जाडीचा नकाशा मिळणार नाही. रोगाचं निदान मात्र करता येईल.

छोट्या गावातल्या, दिवसाला मोजकेच ओसीटी होणाऱ्या दवाखान्याला मी सांगेन की अँजिओग्राफीच्या मोहात न पडता ट्रॅकिंग असलेलं साधं मशीन घ्या आणि उरलेल्या पैशांत टेक्निशियनला नीट शिकवा. स्कॅनआधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब, हनुवटीची योग्य उंची, कपाळ पट्टीला टेकलेलं आणि "आता सुरू करतोय" असं पेशंटला आधी सांगणं, यातून हालचाल जेवढी कमी होते तेवढी कुठलंही गणित नंतर कमी करत नाही.

डेमोच्या दिवशी

विक्रेता बहुतेकदा आपल्याच तरुण कर्मचाऱ्याचा डोळा दाखवतो. त्याला नम्रपणे बाजूला बसवा. आपले तीन पेशंट बोलवा: एक दाट मोतीबिंदूचा, एक मॅक्युला गेलेला आणि एक बोलका, ज्याला गप्प बसणं जमत नाही. घड्याळ लावा आणि स्कॅन सुरू केल्यापासून तो मान्य होईपर्यंतचा वेळ मोजा. माहितीपत्रकातला वेळ बहुतेकदा बिनट्रॅकिंगचा असतो.

मग पेशंटला उठवा, दोन मिनिटं बाहेर बसवा आणि परत त्याच जागेचा स्कॅन घ्या. दोन्ही जाडीनकाशांचा फरक बघा. आजार दोन मिनिटांत बदलत नाही, म्हणजे जो फरक येईल तो मशीनचा. तुमच्या पेशंटवर, तुमच्या टेक्निशियनच्या हातून आलेला हा आकडा कंपनीच्या पुनरावृत्तीच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. पुढे कधी जाडी 'बदलली' म्हणायचं, त्याची किमान मर्यादा तोच ठरवतो.

आडव्या ओळींनी घेतलेल्या ठोकळ्याचा उभा छेद उघडून दाखवायला सांगा. कड करवतीसारखी असेल तर खोलीची दुरुस्ती झालेली नाही. अगदी सपाट असेल तर बाक पुसला गेला आहे. हलका, नैसर्गिक बाक दिसला तर काम नीट केलं आहे. हा छेद मागितला की विक्रेत्याला दोन-तीन मेनू शोधावे लागतात, तेवढा वेळ द्या.

दुरुस्त न केलेलं मूळ चित्र परत बघता येतं का, हेही विचारा. करेक्शन बंद-चालू करणारं बटण रिपोर्टच्या पडद्यावर असेल तर उत्तम. मूळ माहिती बाहेर काढता येते का, की फक्त सजवलेलं चित्र मिळतं? संशोधन करायचं नसेल तरी चार वर्षांनी मशीन बदलताना या प्रश्नाचं उत्तर कळीचं ठरतं.

मशीन बदललं की जुन्या आकड्यांशी तुलना संपते, हेही आधीच धरून चाला. जाडी कुठून कुठपर्यंत मोजायची हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. निरोगी डोळ्यातही स्ट्रॅटस आणि स्पेक्ट्रॅलिसच्या मॅक्युलातल्या मधल्या भागाच्या जाडीत साधारण ६०-७० मायक्रोमीटरांचा फरक येत असे, कारण स्ट्रॅटस पडद्याच्या तळापर्यंत न जाता त्याच्या वरच्या एका थरापाशीच थांबायचं. चालू उपचारातल्या पेशंटसाठी काही महिने दोन्ही मशीनवर स्कॅन घेऊन नवी सुरुवातीची रेघ आखावी लागते.

त्याच मशीनचं सॉफ्टवेअर नवं झालं तरीही अशीच सावधगिरी हवी, आणि ती कुणी घेत नाही. सर्व्हिस इंजिनिअर दुपारी येऊन नवी आवृत्ती टाकून जातो, दुसऱ्या दिवसापासून हालचालीची दुरुस्ती वेगळ्या गणिताने होऊ लागते आणि रिपोर्टचा साचा तोच राहतो. खरेदीच्या करारातच लिहून घ्या की आवृत्ती बदलण्याआधी लेखी कळवलं जाईल आणि प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक छापला जाईल. ही सोय नसेल तर टेक्निशियनने तारीख आणि क्रमांक मशीनशेजारच्या वहीत लिहून ठेवावा.